पेशीला पत्ता कळावा लागतो

कंपवात झालेल्या माणसाला सदऱ्याचं बटण लावायलाही झगडावं लागतं. मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या, डोपामाइन (हालचालीसाठी लागणारं, चेतापेशींमधलं निरोप्या रसायन) बनवणाऱ्या चेतापेशी मरत जातात, त्याचा हा परिणाम. लिव्होडोपाच्या गोळीने हालचाल सुधारते (खाजकुयलीच्या बियांतही हेच द्रव्य असतं), पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

मग नव्या पेशी लावता येतील? 1987 साली स्वीडनमधल्या लुंड इथे गर्भपातातून मिळालेल्या ऊती रुग्णांच्या मेंदूत सोडायला सुरुवात झाली. पुढे काही रुग्णांना वर्षानुवर्षं गुण आला, पण एकेका रुग्णासाठी अनेक गर्भांच्या ऊती लागत. 1998 साली मानवी भ्रूणाच्या मूलपेशी, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवता आल्या आणि आशा पालवली. मात्र त्यांच्यापासून केलेल्या चेतापेशी बशीत डोपामाइन बनवत, पण प्राण्यांच्या मेंदूत गेल्या की फारशा तगत नसत.

या कथेतला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग इथून पुढचा. गर्भात या पेशी जन्मतात कुठे? मेंदू ज्या नळीपासून घडतो, तिच्या तळाच्या पट्टीत. न्यूयॉर्कमध्ये लॉरेन्झ स्टुडर यांच्या गटाने 2011 साली मूलपेशींना आधी त्या तळपट्टीचं रूप दिलं आणि मग डोपामाइनकडे वळवलं. या पेशी उंदरांच्या मेंदूत टिकल्या. तळपट्टीसाठी ‘सोनिक हेजहॉग’ हा रासायनिक संदेश लागतो, तर ‘विंट’ संदेश जागवणाऱ्या रसायनाच्या मात्रेवरून पेशीचा पत्ता ठरतो. मात्रा कमी पडली तर पुढच्या मेंदूच्या पेशी होतात, जास्त झाली तर मागच्या. मधल्या अरुंद टप्प्यातच मध्यमेंदू गवसतो.

वयही तितकंच महत्त्वाचं. भाताची रोपं कोवळी असतानाच लावतात, तशा या पेशीही पूर्ण पिकण्याआधी, पूर्वज अवस्थेतच सोडतात. त्याही सबस्टॅन्शिया नायग्रात नव्हे, तर जिथे डोपामाइन पोहोचायला हवं त्या प्युटामेन भागात.

क्योटो विद्यापीठात जुन ताकाहाशी यांच्या गटाने दात्याच्या प्रौढ पेशी भ्रूणासारख्या अवस्थेकडे मागे वळवून मिळवलेल्या मूलपेशी वापरल्या. 2018 साली पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाली. 2025 साली सात रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही. परिणामासाठी तपासलेल्या सहांपैकी चौघांची हालचाल, औषधाचा अंमल नसतानाही, सुधारली. चाचणी छोटी होती, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरी स्कॅनमध्ये प्युटामेनमधली डोपामाइननिर्मिती वाढलेली दिसत होती.