दार वेगळं, सूटकेस वेगळी

गणपतीत आमच्या घरी रात्रीची आरती झाली की जुन्या टीव्हीचा विषय निघतोच. आत्या ‘खुल जा सिम सिम’पासून सुरुवात करते, कोणाला तरी माधवनचं ‘डील या नो डील’ आठवतं, मग ज्याने त्याने यूट्यूबवर पाहिलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश भागांची भर पडते. शेवटी गाडी हमखास त्याच क्षणावर येऊन थांबते. फक्त दोन सूटकेस उरल्यात. एकीत सगळ्यात मोठी रक्कम, दुसरीत वडापावचे पैसे. सूत्रसंचालक विचारतो, तुमची सूटकेस बदलून हवी का? स्पर्धक घाम पुसतो, नाही म्हणतो, आणि सूटकेस उघडल्यावर वडापाव निघतो.

इथे आमचा इंजिनियर चुलतभाऊ घसा खाकरतो. “बदलायलाच हवी होती. मॉन्टी हॉल प्रॉब्लेम. गणिताने सिद्ध झालंय.” सगळे माना डोलावतात. हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय, एकदा तर दाताच्या दवाखान्यात तोंड उघडं असताना ऐकलंय, तेव्हा विरोधही करता आला नाही. म्हणून आता लिहूनच काढतो.

‘डील ऑर नो डील’ तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. मूळ नेदरलँड्सचं. अमेरिकेत २००५च्या डिसेंबरात सूत्रसंचालक हॉवी मँडेलने सुरू केलं तेव्हा २६ सूटकेस होत्या, एका सेंटपासून दहा लाख डॉलरपर्यंत. ब्रिटनमध्ये नोएल एडमंड्सकडे २२ लाल खोकी, एका पेनीपासून अडीच लाख पौंडांपर्यंत. तुम्ही एक स्वतःजवळ ठेवायची, बाकीच्या एकेक करून उघडायला सांगायच्या, आणि मधेमधे बँकर फोन करून पैसे देऊ करतो. घ्या नाहीतर खेळा. बस.

‘लेट्स मेक अ डील’, ज्याच्या सूत्रसंचालकावरून चुलतभावाच्या त्या ‘प्रॉब्लेम’ला नाव पडलं, हा त्याहून बराच जुना प्रकार. १९६३च्या डिसेंबरअखेरीस एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाला. सूत्रसंचालक मॉन्टी हॉल, कॅनडातल्या विनिपेगचा, मूळ आडनाव हॅल्परिन. त्याला गणितज्ञ समजणारे लोक मला भेटलेत. तो होता पट्टीचा सौदेबाज. प्रेक्षक चित्रविचित्र वेष करून यायचे, कोणी कोंबडी, कोणी गाजर, कारण वेष जितका भडक तितकी मॉन्टीची नजर आपल्यावर पडायची शक्यता जास्त. हातात नोटा देऊन तो विचारायचा, हे ठेवता की पडद्यामागचं घेता? पडद्यामागे कधी गाडी, कधी ‘झाँक’, म्हणजे भंगार सामान किंवा एखादं जनावर. भाग संपल्यावर तो प्रेक्षकांतून फिरत, पर्समध्ये उकडलेलं अंडं असेल तर इतके डॉलर देतो, असल्या मागण्या करायचा, आणि एखादी बाई खरंच अंडं काढून द्यायची. त्या काळातल्या गेम शोमधलं मला सगळ्यात आवडतं ते हेच. दारांपेक्षा अंडं.

आपलं ‘खुल जा सिम सिम’ हा त्याचाच देशी अवतार. २००१ साली स्टार प्लसवर, अमन वर्मा. म्हणजे आत्या आणि चुलतभाऊ दोन वेगळ्या कुळांतल्या कार्यक्रमांबद्दल बोलत असतात आणि मूळ इंग्रजी नावांतल्या ‘डील’ या शब्दामुळे दोघांना वाटतं की विषय एकच आहे. नावातला हा घोळ किरकोळ आहे, तो सोडून देऊ.

खरा घोळ कोड्याचा. कोडं असं: तीन दारं, एकामागे गाडी, दोघांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. गाडी कुठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक असतं. उरलेल्या दोनांपैकी बकरीवालं दार तो उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलणार? उत्तर: बदला. बदललं तर तीनपैकी दोन वेळा गाडी, न बदललं तर तीनपैकी एकदा. स्टीव्ह सेल्विन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हे १९७५मध्ये मांडलं, आणि १९९०च्या सप्टेंबरात मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट या बाईंनी ‘परेड’ मासिकाच्या सदरात हेच उत्तर दिलं तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली. त्यांतली हजारेक पीएचडीवाल्यांची, आणि बहुतेकांचा सूर ‘बाई, तुमचं चुकलंय’ असाच. बाई बरोबर होत्या. पॉल एर्डिशसारख्या गणितज्ञालाही संगणकावर खेळ चालवून दाखवेपर्यंत ते पटलं नव्हतं. त्यामुळे तुम्हाला पटलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

पण कोड्यातलं ते वाक्य पुन्हा वाचा: गाडी कुठे आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक असतं. सगळी इमारत या एका वाक्यावर उभी आहे, आणि कोडं दुसऱ्याला सांगताना लोक नेमकं तेच गाळतात. आमच्या चुलतभावाने गेल्या दहा वर्षांत ते एकदाही उच्चारलेलं नाही.

‘डील ऑर नो डील’मध्ये सूटकेस कोण उघडायला लावतं? स्पर्धक. त्याला काय ठाऊक असतं? काहीही नाही. बायकोची जन्मतारीख, सचिनचा जर्सी नंबर, असं काहीतरी मनात धरून तो आकडा सांगतो. २४ सूटकेस उघडूनही दहा लाख शाबूत राहिले, तर त्यात कोणाची हुशारी नसते, नशीब असतं. आणि ते नशीब तुमच्या हातातल्या सूटकेसवर जितकं मेहेरबान, तितकंच समोर उरलेल्या दुसरीवर.

आकडे घेऊन बघू. समजा हा खेळ २६ हजार रात्री झाला आणि एकाही स्पर्धकाने बँकरचे पैसे घेतले नाहीत. दहा लाख स्पर्धकाने स्वतःजवळ ठेवलेल्या सूटकेसमध्ये असतील अशा रात्री साधारण एक हजार. शेवटपर्यंत समोर उरलेल्या दुसऱ्या सूटकेसमध्ये असतील अशा रात्रीही साधारण एक हजार. मग बाकीच्या २४ हजार रात्रींचं काय? त्या रात्री दहा लाख वाटेतच उडाले, स्पर्धकाने कपाळ धरलं, आणि शेवटच्या दोन सूटकेसमध्ये त्याहून लहान रकमा उरल्या. तो भाग कोणी यूट्यूबवर पाहत नाही आणि गणपतीत आठवतही नाही. आठवणीत राहतात फक्त त्या दोन हजार रात्री, ज्यांत शेवटपर्यंत धाकधूक होती. आणि त्यांत हजाराला हजार. बदला, नका बदलू, फरक शून्य.

आता तेच २६ डबे मॉन्टीच्या कोड्याच्या पद्धतीने खेळा. तुम्ही एक ठेवता. मग मॉन्टी, ज्याला सगळं ठाऊक आहे, मुद्दाम दहा लाख टाळत २४ उघडतो. आता वाया गेलेल्या रात्री शून्य. तुमच्याजवळ दहा लाख असतील अशा एक हजार, आणि उरलेल्या पंचवीसच्या पंचवीस हजार रात्री ते त्या एका डब्यात, जो त्याने उघडायचं टाळलं. त्याच्या टाळण्यातून तुम्हाला खबर मिळते. स्पर्धकाच्या आंधळेपणातून काहीच मिळत नाही. शेवटच्या चित्राचा फोटो काढला तर दोन्हीकडे सारखाच दिसेल: बंद दोन, उघडे चोवीस. घोळ होतो तो फोटो बघून हिशेब केल्यामुळे. तिथवर पोचलो कसे, हे फोटोत येत नाही.

एवढं सांगूनही पटेना, म्हणून गेल्या वर्षी मी स्वयंपाकघरातून स्टीलच्या तीन वाट्या आणल्या आणि रावळगावची एक गोळी. भाचा समोर. पहिला प्रकार: गोळी मी लपवायची, त्याने वाटीवर बोट ठेवायचं, मी उरलेल्या दोनांपैकी रिकामी उचलायची, त्याने दर वेळी वाटी बदलायची. तीस डावांत एकोणीस वेळा गोळी. दुसरा प्रकार: गोळी आईने लपवायची आणि मी तिकडे पाठ करून बसायचं. भाचा बोट ठेवणार, मी उरलेल्या दोनांतली कुठलीही एक आंधळेपणाने उचलणार. तीस डावांत अकरा वेळा मी उचललेल्या वाटीखालीच गोळी निघाली आणि डाव बाद. उरलेल्या एकोणीस डावांत बदलून नऊ वेळा जिंकला असता, न बदलून दहा वेळा. दोन्ही प्रकारांत वाट्या त्याच, गोळी तीच, भाचा तोच. बदललं ते एवढंच की वाटी उचलणाऱ्याला माहीत होतं की नव्हतं. चुलतभाऊ तेव्हा मोदक आणायला आत गेला होता.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. “दोनच उरलेत म्हणजे अर्थात अर्धी-अर्धी शक्यता,” असं म्हणणारे ‘डील ऑर नो डील’च्या बाबतीत बरोबर ठरतात, पण चुकीच्या कारणाने. दोन पर्याय उरले म्हणून शक्यता निम्मी होत नसते. उद्या मला लॉटरी लागेल किंवा लागणार नाही, म्हणून ती काही पन्नास टक्के नाही. हेच लोक तीन दारांच्या कोड्यातही अर्धी-अर्धी म्हणून हटून बसतात. चुलतभाऊ परवडला, त्याने निदान काहीतरी वाचलंय.

आणि ज्याच्या नावाने हा सगळा खटाटोप, त्याच्या कार्यक्रमात हे कोडं कोड्यासारखं घडतच नव्हतं. सेल्विनला मॉन्टी हॉलने १९७५मध्येच पत्राने कळवलं होतं की एक खोका रिकामा दिसल्यावर स्पर्धकाला आपला खोका बदलता येत नाही. पुढे १९९१मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा जॉन टिअर्नी त्याच्या बेव्हर्ली हिल्सच्या घरी गेला आणि दोघे जेवणाच्या टेबलावर हाच खेळ खेळले. आधी कोड्याचे नियम पाळून खेळले, तेव्हा बदलणाऱ्याचा फायदा झाला. मग मॉन्टी आपल्या रंगात आला. टिअर्नीने बकरीवालं दार निवडलं की मॉन्टीने तेच उघडून डाव संपवला. बदलायची संधी दर वेळी द्यायचीच, असं कुठे लिहिलंय? पाहुण्याने गाडीवालं दार निवडलं की मात्र दुसरं दार उघडून गोड बोलून बदलायला लावलं. असा मॉन्टी समोर असेल तर बदलणारा दर वेळी हरतो. म्हणजे त्याला ठाऊक असणं पुरत नाही. दार उघडण्याची त्याच्यावर सक्तीही हवी. कोड्यातल्या मॉन्टीवर ती आहे, खऱ्या मॉन्टीवर नव्हती. सौदेबाज होता म्हणालो ना.

तेव्हा ‘डील’मध्ये सूटकेस बदलण्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे डोकं चालवण्याची जागा एकच, बँकरचा फोन. सुरुवातीला तो उरलेल्या रकमांच्या सरासरीपेक्षा फारच कमी देऊ करतो, म्हणजे तुम्ही खेळत राहावं. शेवटाकडे सरासरीजवळ येतो. याचा अभ्यास अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि तीन डच संशोधकांनी केला, तो २००८ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. त्यातला एक डच स्पर्धक माझा खास आवडता. उरलेल्या रकमांची सरासरी लाखाच्या वर होती, बँकर ७५ हजार युरो देत होता, हा नाही म्हणाला. पुढच्याच फेरीत पाच लाखांची सूटकेस उघडली गेली आणि सरासरी अडीच हजारांवर कोसळली. मग चिडून, की इतकं गेलंच तर अजून काय जाणार म्हणून, तो प्रत्येक फोनला नाही म्हणत गेला. शेवटी दोन सूटकेस: दहा हजार युरो आणि दहा युरो. सरासरी पाच हजार पाच. बँकरने सहा हजार देऊ केले. सरासरीपेक्षा जास्त! असा बँकर शोधून सापडत नाही. तरी तो नाही म्हणाला. सूटकेस उघडली. दहा युरो.

हा किस्सा मी गेल्या गणपतीत वाट्यांचा प्रयोग संपल्यावर रंगवून सांगितला. बाबा इतका वेळ वर्तमानपत्रामागे होते. ते खाली करून म्हणाले, “म्हणजे बघ, बदलली असती तर दहा हजार मिळाले असते.”

मी वाट्या घासायला टाकल्या.