३६० अंशी पॅनोरमाचे पडद्यावरील सादरीकरण

एका जागेवरून चहूबाजूंनी आणि वर-खाली टिपलेली छायाचित्रे जोडून केलेला गोलाकार पॅनोरमा प्रोजेक्टरने प्रेक्षकांना दाखवायचा आणि बोलता बोलता हवा तिकडे फिरवायचा, अशी ही पद्धत. रॉबर्ट बार्करने १७८७ साली पेटंट घेतलेल्या मूळ पॅनोरमात चित्र गोल इमारतीच्या भिंतीवर स्थिर असे, प्रेक्षक वळून पाहत. ॲपलच्या क्विकटाइम व्हीआरमध्ये (१९९५) संगणकावर चित्रच फिरू लागले. सभागृहात माऊस एकाच्या हाती आणि नजर सगळ्यांची असते. घरी एकट्याने पाहताना न खटकलेले बहुतेक दोष तिथे उघडे पडतात.

दृश्यकोन (पॅनोरमाचा एका वेळी पडद्यावर दिसणारा भाग, अंशांत) : पॅनोरमा दाखवणारे नेहमीचे प्रोग्रॅम सरळ रेषा सरळच ठेवतात, त्याचा ताण कडांवर पडतो. आडवा दृश्यकोन ६० अंश असेल तर अगदी कडेची वस्तू मध्यापेक्षा आडवी १.३ पट पसरते, ८० अंशांना १.७ पट, १२० अंशांना चक्क ४ पट. हा ताण जाणवू नये तर ३ मीटर रुंद पडद्यापासून ८० अंशांना १.८ मीटरवर आणि ६० अंशांना २.६ मीटरवर बसावे लागेल. पहिली रांगही सहसा इतकी जवळ नसते. म्हणून सुरुवात ६० ते ७५ अंशांनी करावी. लॅपटॉपवर ऐसपैस वाटणारा १०० अंशांचा कोन पडद्यावर खांब जाड आणि माणसे रुंद करतो.

प्रतिमा : १९२० पिक्सेल रुंद प्रोजेक्टरवर ६० अंशांत मधला भाग रेखीव दिसायला २:१ प्रमाणातली मूळ प्रतिमा (अख्खा गोल सपाट पसरलेली) सुमारे १०,५०० पिक्सेल रुंद लागते, ३० अंशांपर्यंत झूम करायचे असेल तर सुमारे २२,५००. एवढी प्रतिमा एकसंध दिली की बरीच ग्राफिक्स कार्डे ती घेत नाहीत (मर्यादा बहुधा ८,१९२ किंवा १६,३८४) आणि पडदा काळा राहतो. त्यासाठी प्रतिमा घनाच्या सहा बाजूंत विभागून तिचे लहान तुकडे करतात. बाजूची रुंदी मूळ रुंदीला ३.१४ ने भागून येते. पॅनेलम आणि मार्झिपानो हे मुक्त प्रोग्रॅम असे तुकडे दाखवतात. फाइल फोल्डरमधून थेट उघडल्यास ब्राउझर सुरक्षेपोटी प्रतिमा अडवतो, म्हणून लॅपटॉपवरच स्थानिक सर्व्हर (ब्राउझरला संकेतस्थळासारख्या फाइली पुरवणारा छोटा प्रोग्रॅम) चालवावा. सभागृहाच्या वायफायवर विसंबू नये.

गती : खुर्चीत स्थिर बसलेल्यांना मोठे चित्र वेगाने फिरताना गरगरते. वेग सेकंदाला १० अंशांच्या आत असावा, म्हणजे पूर्ण फेरीला किमान ३६ सेकंद. आपोआप फिरणे बंदच ठेवलेले बरे. एचडीएमआय १.४ जोडणीवर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, त्यामुळे फिरवताना धक्के बसतात. अशा वेळी १०८०पी (१९२० × १०८० पिक्सेल), ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा) निवडावे. टचपॅडपेक्षा माऊस बरा, आणि संथ वळणासाठी बाणांच्या कळा त्याहून बऱ्या.

अजिंठ्याचे लेणे क्र. १ घ्या. मंडपाच्या मध्यातून घेतलेला पॅनोरमा गर्भगृहाच्या दिशेने उघडावा, क्षणभर थांबावे, मग सावकाश डावीकडे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रावर येऊन कोन ३५ अंशांपर्यंत आणावा. बोलायचे ते चित्र थांबल्यावर. त्यानंतर उजवीकडे वज्रपाणी. रंगवलेले छत दाखवताना माऊस आडवा ओढला तर छत जात्यासारखे गरगरते, म्हणून आधी नजर समोर आणावी आणि मगच वळावे. आत उजेड मंद, फ्लॅशला बंदी; अशा प्रतिमेतले गडद भाग प्रोजेक्टरवर सपाट काळे होतात, कारण खोलीतल्या उजेडात पडदा जितका उजळ दिसतो त्याहून गडद काळा प्रोजेक्टर देऊच शकत नाही. सावल्या उजळ केलेली वेगळी प्रत करावी आणि ती लॅपटॉपवर नव्हे, त्याच पडद्यावर तपासावी.

मांडणी : थ्रो गुणोत्तर (प्रोजेक्टरचे अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ३ मीटर रुंदीसाठी प्रोजेक्टर ४.५ मीटर दूर लागतो. तो पडद्यासमोर सरळ ठेवावा. प्रोजेक्टर तिरका असताना कीस्टोन दुरुस्तीने (तिरपे पडलेले चित्र प्रोजेक्टरमध्येच सरळ करण्याची सोय) चौकट सरळ होते, पण चित्राचे पिक्सेल नव्याने मांडले जाऊन बारकावे मऊ पडतात. लॅपटॉपचा पडदा ‘डुप्लिकेट’ ठेवला तर सूचना आणि निरोप प्रेक्षकांनाही दिसतात. ‘एक्स्टेंड’मध्ये टिपणे आपल्यासमोर राहतात, मात्र माऊसचा बाण कोणत्या पडद्यावर आहे हे विसरायला होते. ऐनवेळी ब्राउझर अडलाच, तर हाताशी त्याच वळणांची स्थिर चित्रे असावीत.