बटण दाबलं, रॉकेट हललंच नाही

तीन, दोन, एक... बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. धूरसुद्धा नाही. मीटर लावून पाहावं तर बॅटरी छान 6 व्होल्ट दाखवते. मग सगळा राग इंजिनावर निघतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या ठिकाणी निघतो.

मॉडेल रॉकेटच्या इंजिनात खालून जो इग्नायटर खोचतात, त्याच्या टोकाला एक बारीक तार असते आणि तिच्यावर चटकन पेटणाऱ्या मिश्रणाचा थेंब. तार तापली की थेंब पेटतो, त्याच्या ज्वाळेने इंजिन. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह निम्मा झाला, तर उष्णता पाव उरते. व्होल्ट किती, हे बॅटरीवर छापलेलं असतं. इग्नायटरपर्यंत ॲम्पिअर किती पोहोचतात, हे मात्र आपलं आपणच काढावं लागतं.

काढून बघू. इग्नायटरचा रोध 0.7 ओहम धरा. चार नवे अल्कलाइन पेन्सिल सेल, प्रत्येकाचा अंतर्गत रोध साधारण 0.2, म्हणजे मिळून 0.8. पाच मीटर बारीक वायर, जाऊन-येऊन दहा मीटर: 0.5. एकूण 2 ओहम. 6 व्होल्टला प्रवाह 3 ॲम्पिअर. साध्या इग्नायटरला एवढा पुरतो. आता तेच सेल वापरून थकले आणि त्यांचा रोध तिप्पट झाला, तर प्रवाह 1.7 ॲम्पिअरच्या आत येतो आणि उष्णता एक तृतीयांशाहून कमी. थंडीतही सेल असेच मंदावतात. मीटरला यातलं काही कळत नाही, कारण तो सेलकडून जवळजवळ काही मागतच नाही. सेलची खरी परीक्षा भार टाकूनच होते.

याच वायरीला 12 व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी जोडा. तिचा अंतर्गत रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असल्याने प्रवाह 10 ॲम्पिअरच्या आसपास जातो आणि उष्णता दहापट होते. लिथियम पॉलिमर बॅटरीही अशीच उदार. पण हीच उदारता, वायरीची टोकं इग्नायटरला पकडणाऱ्या क्लिपा एकमेकींना चिकटल्या की, वायर वितळवते, म्हणून फ्यूज हवाच. एकाच रॉकेटमध्ये दोन-तीन इंजिनं असतील, तर पेन्सिल सेलचा विचारही नको: इग्नायटर समांतर जोडायचे असतात (एकसर जोडले तर पहिला जळताच बाकीच्यांची वीज तुटते) आणि प्रत्येकाला आपापला वाटा लागतो.

अंतर वाढलं की वायर प्रवाह खाऊ लागते. जाड वायर हा एक उपाय. दुसरा मला जास्त आवडतो: बॅटरी आणि रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लाँच पॅडजवळ ठेवायचे, लांब वायरीतून फक्त रिले ओढण्यापुरता किरकोळ प्रवाह पाठवायचा.

सर्किट जुळलंय का, हे सांगणारा छोटा दिवा बहुतेक कंट्रोलरवर, म्हणजे बटणाच्या डबीवर, असतो. त्याचा प्रवाह इग्नायटरमधूनच जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. काही संवेदनशील इग्नायटर अर्ध्या ॲम्पिअरलाही पेटतात; अशांसाठी जुन्या पद्धतीच्या बल्बपेक्षा रोधक लावलेला, काही मिलीॲम्पिअरवर चालणारा एलईडी बरा.

1957 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत कंट्रोलरकडून दोन अपेक्षा आहेत. बटणाच्या सर्किटमध्येच एक सुरक्षा किल्ली असावी आणि बोट उचलताच बटण आपोआप बंद व्हावं. डी वर्गापर्यंतच्या (इंजिनांचे वर्ग ताकदीनुसार ए, बी, सी असे चढत जातात) इंजिनांसाठी 15 फूट, त्याहून मोठ्यांसाठी 30 फूट दूर उभं राहायचं. वायरीची लांबी इथूनच ठरते. किल्ली, माझ्या मते, पॅडवर क्लिपा लावणाऱ्याच्या खिशात असावी, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आणि रॉकेट नाहीच उडालं तर? किल्ली काढायची, 60 सेकंद थांबायचं, मगच जवळ जायचं. तिथे गेल्यावर आधी क्लिपा बघा: एकमेकींना टेकल्यात का, आधीच्या उड्डाणाची काजळी धरलीये का. पॉलिश पेपरचा एक तुकडा खिशात असू द्या.