बॅटरी उतरली, की कोणी उतरवली?

चावी फिरवली की नुसतं टकटक होतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि इंजिन ढिम्म हलत नाही. आपण म्हणतो, 'बॅटरी उतरली'. पण या दोन शब्दांत दोन अगदी वेगळे बिघाड लपलेले असतात. एकात बॅटरीच म्हातारी झालेली असते, भरलेला चार्ज तिच्यात टिकत नाही. दुसऱ्यात बॅटरी ठणठणीत असते, पण गाडी बंद असतानाही आतलं काहीतरी गुपचूप करंट खात बसतं. पहिल्यावर उपाय नवी बॅटरी. दुसऱ्यावर नवी बॅटरी घातली तर पैसे वाया जातात आणि नवी बॅटरीही खराब होते.

गेल्या पावसाळ्यात गोव्यात, साखळी गावी आमच्या वाड्यावर या दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी उभ्या होत्या. मी आठवडाभर कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने पणजीला जातो, गाडी शनिवार-रविवारीच बाहेर निघते. दर शनिवारी सकाळी ती मेलेली. शेजारच्या दादांची गाडी मात्र रोज डिचोलीला जाऊन येते आणि तरी सकाळी उठत नाही. दोघांनाही सल्ला एकच मिळाला, बॅटरी बदला. मी बदलली. तिसऱ्या शनिवारी नवी बॅटरीही गप्प.

तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हा हिशेब मी आधी करायला हवा होता, म्हणून इथे तो सविस्तर मांडतो. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे एक अँपिअर करंट ती ३५ तास देऊ शकते. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटरची स्मृती यांना थोडा करंट लागतोच. २० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर ते स्वाभाविक. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. या वेगाने बॅटरी अर्धी व्हायलाच दोन आठवडे लागतात. उलट, धडधाकट भरलेली बॅटरी एका रात्रीत, म्हणजे दहा तासांत झोपवायची तर दोन-अडीच अँपिअर सतत खेचले पाहिजेत. म्हणजे पार्किंगचे दिवे चालू राहिले किंवा एखादा रिले (करंटने चालणारा स्विच) चिकटून मोठं काहीतरी चालूच राहिलं, तरच हे शक्य आहे. डिकीतला ५ वॉटचा दिवा रात्रभर जळला तरी पाच अँपिअर-अवरपेक्षा कमीच जातात. तेवढ्याने चांगली बॅटरी बसत नाही.

म्हणून 'किती वेळ उभी राहिल्यावर बंद पडते?' हा पहिला प्रश्न. चार-पाच दिवसांनी पडत असेल तर संशय गाडीवर. एका रात्रीत पडत असेल आणि सकाळी कुठलाच दिवा जळताना किंवा पंखा फिरताना दिसत नसेल, तर संशय बॅटरीवर.

संशयाची खात्री करायला एक रात्र पुरते. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्यायची, दोन-तीन तास विसावू द्यायची आणि मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र) लावून पाहायचं. भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी असेल तर १२.२ च्या आसपास. मग निगेटिव्हची वायर काढून ठेवून झोपायचं. गाडीचा आणि बॅटरीचा संबंधच तुटला. सकाळी आकडा जवळपास तोच असेल, वायर जोडल्यावर गाडी झटक्यात सुरू होत असेल, आणि वायर जोडलेली ठेवल्यावर मात्र पुन्हा उतरत असेल, तर चोर गाडीत आहे. वायर काढलेली असूनही बॅटरी खचली, तर दोष तिचाच.

माझी सकाळी १२.६ ला जशीच्या तशी. म्हणून पुढची पायरी घेतली. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, एक टोक निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं काढलेल्या वायरीला. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातो. या वेळी चावी फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. फ्यूजपर्यंत पोचायला दरवाजा उघडा ठेवावा लागतो, म्हणून त्याचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद करायचं, म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटतो आणि आतला दिवा विझतो. रिमोटची चावी घरात लांब ठेवायची. आणि अर्धा तास थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे, कारण गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात आणि सुरुवातीचा मोठा आकडा पाहून उगाच घाबरायला होतं.

अर्ध्या तासानंतर माझा आकडा २१० मिलिअँपिअरवर थांबला. दिवसाला पाच अँपिअर-अवर. रविवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ म्हणजे साडेपाच दिवस, सत्तावीस-अठ्ठावीस अँपिअर-अवर. हिशेब तंतोतंत जुळला. मग एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढताच आकडा २८ वर आला. मागाहून बसवलेल्या सिस्टीमला पिवळी वायर कायम करंट घेते आणि लाल वायर चावी फिरवल्यावरच. बसवणाऱ्याने दोन्ही कायमच्या करंटवर जोडल्या होत्या, त्यामुळे सिस्टीम कधी झोपतच नव्हती. लाल वायर योग्य जागी नेली आणि काम झालं. डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अँप्लिफायर असं जे मागाहून बसवलं असेल, तिथून शोध सुरू करा. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलत नसेल तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, डायोड गळत असू शकतो. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवावं.

दादांना वाटलं त्यांचीही तीच कथा. मीटर लावला तर २२ मिलिअँपिअर. रात्रभरात पाव अँपिअर-अवर. काहीच नाही. मग त्यांची चार वर्षांची बॅटरी भरून, निगेटिव्ह काढून ठेवली. सकाळी १२.४ व्होल्ट, वरवर ठीकच वाटावे असे. पण सेल्फ मारताच मीटर आठच्या खाली गेला. सेल्फच्या वेळी साधारण साडेनऊ-दहाच्या खाली जाता कामा नये. बॅटरीतल्या सहा सेलची, म्हणजे कप्प्यांची, झाकणं उघडून हायड्रोमीटरने आतल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता पाहिली; ती घटली की सेल उतरलेला. पाच सेल १.२६ च्या आसपास, सहावा १.१२. एक सेल मेलेला. इथे बॅटरी बदलणं हाच इलाज होता.

या दोन बिघाडांची गल्लत इतकी सहज होते, कारण एक दुसऱ्याला जन्म देतो. पुन्हा पुन्हा तळाला गेलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. गळती वर्षभर तशीच राहिली तर बॅटरीही खरोखर बाद होते, आणि मग दोन्ही उत्तरं खरी असतात. शिवाय उतरलेल्या बॅटरीला दुकानातला लोड टेस्टर (मोठा करंट खेचून बॅटरी तपासणारं यंत्र) लावला तर तो तिला बादच ठरवतो. आधी पूर्ण चार्ज आणि मगच तपासणी, हा आग्रह दुकानात जरूर धरा. माझी जुनी बॅटरी मी अशी तपासून न घेताच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली, त्याची मला अजून हळहळ वाटते.

आपल्याकडची हवा दोन्ही बाजूंनी मारते. उन्हाळ्यातली उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड जमते, आणि पुरेसा करंट न गेल्यामुळे चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा लावून ती आधी साफ करा, फक्त ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात की नाही, तेही बघून घ्या. दिसत नसतील तर अल्टरनेटर चार्जच करत नाही आणि वरची सगळी शोधाशोध व्यर्थ आहे.

दोन्हीकडे दोष नसतानाही बॅटरी उतरू शकते. जहाजावर जाणारे आपले तारवटी सहा-सहा महिने गाडी अंगणात उभी ठेवतात. २५ मिलिअँपिअरचा निर्दोष खर्चसुद्धा महिन्याला अठरा अँपिअर-अवर होतो, म्हणजे अर्धी बॅटरी. त्यांनी जाताना बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह काढून ठेवावी, आणि घरच्यांना दोन महिन्यांतून एकदा चार्जर लावायला सांगावं.