दर आठवड्याला येणारा दादा

आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर राबतात, घरात तेलुगू बोलतात आणि शाळा मराठीत. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तिथल्या आठवीतल्या मुलीला गणिताची शिकवणी कशीबशी लावता येते. पण आयटीआय आणि डिप्लोमा यांत फरक काय, फॉर्म कधी निघतात, कागदपत्रं कोणती लागतात, हे सांगणारं माणूस घरात सहसा नसतं. अशा वेळी एखादी संस्था एका मुलामागे एक मोठं माणूस देते. दादा किंवा ताई आठवड्याला तास-दोन तास येतात, गप्पा मारतात, जमेल तसा अभ्यास घेतात. यात वाईट होण्यासारखं काय असणार?

अमेरिकेत रिचर्ड कॅबट या डॉक्टरांनी आखलेल्या आणि १९३९ साली सुरू झालेल्या प्रयोगाचा हेतूही इतकाच चांगला होता. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि समरव्हिल इथली ५०६ मुलं निवडली. मिळत्याजुळत्या परिस्थितीतल्या दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून जोडीतल्या एकाला समुपदेशक दिला, दुसऱ्याला काहीच नाही. समुपदेशक महिन्यातून साधारण दोनदा घरी जात. सरासरी साडेपाच वर्षं हे चाललं. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी या सगळ्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी सांगितलं, आमचा फायदा झाला. नोंदी मात्र उलटं बोलत होत्या. पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, अकाली मृत्यू, हे सगळं मदत मिळालेल्या गटातच जास्त होतं. पुढच्या विश्लेषणात दिसलं की नुकसान मुख्यतः वारंवार उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांचं झालं होतं. वाट चुकू पाहणारी पोरं एकत्र आली, की एकमेकांकडूनच शिकतात.

जोडीतली ती मदत न मिळालेली मुलं नसती, तर हा प्रयोग आजही यशस्वी म्हणून सांगितला गेला असता. आपल्याकडे वार्षिक कार्यक्रमात एखादी मुलगी माइकवर 'ताईंमुळे मी घडले' म्हणते, सभागृह टाळ्या वाजवतं आणि अहवाल तिथंच पूर्ण होतो. मुलगी खरंच बोलत असते. फक्त ताई नसत्या तर काय झालं असतं, हे तिलाही ठाऊक नसतं.

मग हे सगळं फोल आहे का? नाही. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या जुन्या अमेरिकी संस्थेच्या कामाचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. १० ते १६ वर्षांची ९५९ मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली होती. अर्ध्यांना लगेच स्वयंसेवक मिळायचा, बाकीची प्रतीक्षायादीत. दीड वर्षानंतर पहिल्या गटात अमली पदार्थांकडे नव्यानं वळण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि शाळेला दांडी मारण्याचं ५२ टक्क्यांनी कमी भरलं. पण सगळेच उपक्रम इतके गुणकारी नसतात. २०१९ मध्ये अशा उपक्रमांचे ७० अभ्यास एकत्र करून परिणामाची सरासरी काढली, ती माफक निघाली. शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्ये उभं असलेलं मूल साधारण आठ जागा पुढं सरकेल, एवढी. मला ती कमी वाटत नाही; स्वयंसेवकांच्या वेळेतून मिळालेल्या आठ जागा आहेत त्या.

सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष १९९५च्याच माहितीतून २००२ मध्ये निघाला. मूल आणि स्वयंसेवक यांच्या वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वाधिक लाभ झाला. जिथं तीन महिन्यांच्या आत साथ सुटली, तिथं मुलांचा स्वतःवरचा आणि अभ्यासातला विश्वास आधीपेक्षाही घसरला. आधीच कुणी ना कुणी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून गेलं, तर ते दोष स्वतःलाच देतं.

सोलापुरात नेमकी इथंच गोची आहे. उत्साहानं नाव नोंदवणारी कॉलेजची पोरं परीक्षा आली की गायब होतात, आणि पदवी हातात पडली की पुणे गाठतात. त्यापेक्षा गावातच राहणारे निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले काका-मावशी मला जास्त भरवशाचे वाटतात. त्यांना तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर मुलाच्या आईशीही बोलणं होईल. आईला विश्वासात न घेता काही करूच नये. स्वयंसेवकाची नीट चौकशी आणि चारचौघांत दिसेल अशी भेटीची जागा, याला पर्याय नाही. शाळेतच चालणाऱ्या उपक्रमांचं आणखी एक दुखणं आहे. अमेरिकेतल्या ७१ शाळांच्या अभ्यासात वर्षअखेर दिसलेली अभ्यासातली प्रगती पुढच्या शालेय वर्षात ओसरलेली आढळली. इथं मे महिन्याच्या उन्हात शाळा बंद असतात तेव्हाही भेटीचा वार ठरलेला हवा.

राहिला प्रश्न, मूल कोणतं निवडायचं. आपल्या संस्थांची आवड 'हुशार आणि होतकरू' अशी. जर्मनीत दहा शहरांतल्या ३०८ किशोरवयीन मुलांवर झालेल्या प्रयोगात स्वयंसेवक विद्यापीठाचे विद्यार्थी होते. वर्षभरानं सर्वांत वंचित घरांतल्या मुलांचे गणिताचे गुण वाढले आणि पुढच्या कामधंद्याची दिशाही स्पष्ट झाली. घरची परिस्थिती बरी असलेल्यांना तसा काही फायदा झाला नाही. म्हणजे गुणवत्ता यादीऐवजी वर्गशिक्षकांकडून गैरहजेरीची यादी मागितली, तर निवड जास्त अचूक होईल.