एम.२ म्हणजे एनव्हीएमई नव्हे, एसएसडी घेण्याआधी एवढं बघा

घरी पीसी असेंबल करायचा म्हटलं की प्रोसेसर, बोर्ड, ग्राफिक्स कार्ड यावर लोक महिनाभर डोकं खपवतात आणि एसएसडीची वेळ आली की दुकानदाराला सरळ सांगून मोकळे होतात, "एक एम.२ टाका ५१२ ची". घोळ होतो तो इथेच. एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, पट्टी केवढी, पिना कशा, स्क्रू कुठे बसणार, बस एवढंच त्यातून कळतं, आत डेटा कसा जातो याच्याशी त्या नावाचा काही संबंध नाही. त्याच आकारात दोन पूर्ण वेगळ्या ड्राइव्ह मिळतात, एक साटावाली आणि एक एनव्हीएमईवाली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला स्टिकर वाचल्याशिवाय ओळखता येणार नाहीत. दोन्ही २२ मिलीमीटर रुंद, ८० मिलीमीटर लांब, बॉक्सवर २२८० लिहिलेलं असतं ते हेच.

साटा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, जुन्या हार्डडिस्कला जी चपटी केबल लागायची तेच. २००९ साली त्याची तिसरी आवृत्ती आली, ६ गिगाबिटवाली, आणि घरच्या पीसीत आजही तीच चालते. ६ गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला ६०० एमबी, प्रत्यक्षात ५५० च्या आसपास मिळतात. एम.२ साटा ड्राइव्ह म्हणजे अडीच इंची साटा एसएसडीचंच कवच काढलेलं रूप, केबल गेली, पॉवरची वायर गेली, पण स्पीड जिथल्या तिथे. हे लोकांना पटतच नाही. एम.२ आहे म्हणजे फास्ट असणारच असं वाटतं, पण साटावाली असेल तर अडीच इंचीपेक्षा एक एमबीसुद्धा जास्त पळणार नाही.

एनव्हीएमईची गोष्ट वेगळी. ही ड्राइव्ह साटाच्या वाटेला जातच नाही, ग्राफिक्स कार्ड ज्या पीसीआयई लेनवर, म्हणजे बोर्डावरच्या डेटाच्या फास्ट वाटांवर चालतं, तसल्याच लेनवर ही बसते, बहुतेक चार लेन. पीसीआयईच्या पिढीला जेन म्हणतात. जेन ३ ची बरी ड्राइव्ह सेकंदाला ३,५०० एमबीपर्यंत वाचते, जेन ४ ची ७,००० च्या पुढे, आणि जेन ५ वाल्या १४,००० पर्यंत गेल्यात. जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटात लावली तरी चालते, फक्त जेन ३ च्या स्पीडने, त्यामुळे तिथे घाबरायचं कारण नाही.

फरक नुसत्या स्पीडचा नाही, बोलण्याच्या पद्धतीचा पण आहे. साटा ड्राइव्ह एएचसीआय नावाच्या पद्धतीने काम करते, ती फिरत्या हार्डडिस्कच्या काळात बनलेली, त्यात कामांची एकच रांग आणि रांगेत जास्तीत जास्त ३२ कामं. रेशनच्या दुकानाची एकच खिडकी उघडी असावी तसं, आतला माणूस कितीही चपळ असला तरी रांग खिडकीच्याच हिशोबाने सरकणार. एनव्हीएमईचा पहिला स्पेक २०११ मध्ये आला तो फ्लॅश मेमरी डोळ्यासमोर ठेवूनच, त्यात ६५ हजारांपर्यंत रांगा आणि प्रत्येक रांगेत पुन्हा तेवढीच कामं चालतात. घरच्या पीसीला यातलं एक टक्काही लागत नाही हे खरं, पण प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला स्वतःची रांग मिळते हा फायदा सगळ्यांना होतो.

आता ३,५०० म्हणजे ५५० च्या सहापट, तर पीसी सहापट फास्ट होणार का? अजिबात नाही. विंडोज सुरू होणं, क्रोम उघडणं, टॅली उघडणं, या कामांत बारीक बारीक फायली इकडून तिकडून वाचायच्या असतात, एका वेळी एक, आणि तिथे चांगली साटा ड्राइव्ह सेकंदाला ४० एमबीच्या आसपास देते तर चांगली एनव्हीएमई ६० ते ८०. म्हणजे फरक आहे पण डोळ्यांना दिसेल असा नाही. हार्डडिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की जो धक्का बसतो ना, तसा साटावरून एनव्हीएमईवर येताना बसत नाही, आणि कोणी बसतो म्हणालं तर खुशाल हसा. खरा फरक मोठ्या फायलींना पडतो. ५० जीबीचं व्हिडिओ फुटेज साटावर वाचायला दीड मिनिट, जेन ३ वर पंधरा सेकंद. एडिटिंग करणारे, मोठे गेम इकडून तिकडे हलवणारे, व्हर्च्युअल मशीन चालवणारे, यांना ते जाणवतं. पण कॉपी करताना दुसऱ्या टोकाला पण तेवढी फास्ट ड्राइव्ह पाहिजे हे विसरू नका, पेन ड्राइव्हवरून कॉपी करताना दोन्ही सारख्याच रांगणार.

बरं, स्पीड राहू द्या बाजूला, ड्राइव्ह मुळात बोर्डावर चालेल का हा जास्त महत्त्वाचा प्रश्न. पिनांच्या कडेला खाच असते ती बघा. एम की म्हणजे एकच खाच, तिच्या बाजूला पाच पिना वेगळ्या झालेल्या दिसतात, चार लेनच्या एनव्हीएमई ड्राइव्ह अशा असतात. साटावाल्या ड्राइव्हना बहुतेक दोन खाचा असतात, एका बाजूला पाच पिना, दुसऱ्या बाजूला सहा, त्याला बी प्लस एम म्हणतात. यावरून दोन खाचा म्हणजे साटा असा नियम लोकांनी बनवून टाकलाय आणि बहुतेक वेळा तो बरोबरही निघतो, पण दोन लेनवाल्या काही स्वस्त एनव्हीएमई ड्राइव्हना पण दोन खाचा असतात, त्यामुळे खाच बघून पैसे देऊ नका, मॉडेल नंबर बघा.

आणि खरी गंमत पुढे आहे. दोन खाचांची साटा ड्राइव्ह एम की च्या स्लॉटात अगदी मस्त बसते. स्क्रू लागतो, कॅबिनेट बंद होतं, पीसी चालू होतो, आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, ड्राइव्हचा पत्ताच नाही. ड्राइव्ह खराब नाही, बोर्ड खराब नाही, त्या स्लॉटाला फक्त पीसीआयई लेन जोडलेल्या आहेत, साटाची लाइन तिथपर्यंत आलेलीच नाही. मग माणूस ड्राइव्ह घेऊन दुकानात जातो, दुकानदार त्याच्या टेस्टिंगच्या मशीनवर लावून दाखवतो की बघा चालते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डांवर तर एम.२ स्लॉटात साटा चालणं जवळपास संपलंच आहे. जुन्या बोर्डांवर दोन स्लॉट असतील तर एकात दोन्ही चालतात आणि दुसऱ्यात फक्त पीसीआयई असंही सापडतं, कुठल्या स्लॉटात काय ते मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर मॅन्युअलची पीडीएफ फुकट मिळते, त्यातलं स्टोरेजचं एक पान वाचा, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल.

त्याच पानावर अजून एक बारीक ओळ असते. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉटात साटा ड्राइव्ह लावली की नेहमीच्या साटा पोर्टांपैकी एखादा बंद होतो, कारण दोघांची लाइन एकच. घरात जुनी हार्डडिस्क फोटोंसकट तशीच पुढे चालवायची असते आणि नवीन ड्राइव्ह लावल्यावर ती अचानक गायब, मग घरात बोंबाबोंब. फोटो कुठेही गेलेले नसतात, केबल शेजारच्या पोर्टात लावा, काम झालं. आणि वायफाय कार्डाचा जो छोटा स्लॉट असतो तो पण एम.२ च, ई की चा, त्यात यातली कुठलीच ड्राइव्ह बसत नाही, जोर लावू नका.

नावांचा गोंधळ कंपन्यांनी स्वतः घातलाय, एकाच घराण्याचं नाव दोन्हीकडे. सॅमसंगची ८६० ईव्हो एम.२ मध्ये पण आली, ती साटा, आणि ९७० ईव्हो एनव्हीएमई. डब्ल्यूडी ब्लूमध्ये एसए५१० साटा आणि एसएन५७०, एसएन५८० एनव्हीएमई, म्हणजे डब्ल्यूडीच्या नावात एसएन दिसलं की एनव्हीएमई समजायचं. क्रूशियलची एमएक्स५०० साटा, पी३ एनव्हीएमई. किंग्स्टनची ए४०० साटा, एनव्ही२ एनव्हीएमई. ऑनलाइन लिस्टिंगमध्ये मोठ्या अक्षरात फक्त एम.२ एसएसडी लिहितात, खाली स्पीड बघा, ५०० ते ५६० लिहिलं असेल तर साटा, हजाराच्या पुढे असेल तर एनव्हीएमई. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात काउंटरवर उभे असाल तरी हेच करा, बॉक्स हातात घ्या, मागची बाजू वाचा, आणि बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं "५१२ एसएसडी" नको, वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.

माझं मत विचाराल तर नवीन पीसीसाठी एम.२ साटा घेण्यात काही अर्थ नाही. किमतीत फार फरक राहिलेला नाही आणि नवे स्लॉट तिला ओळखतीलच याची खात्री नाही. साटाच हवी असेल, समजा जास्तीच्या स्टोरेजसाठी, तर अडीच इंची घ्या, ती कुठल्याही जुन्या नव्या पीसीत लागते. एम.२ साटा घ्यायची ती फक्त ज्या जुन्या लॅपटॉपला किंवा बोर्डाला दुसरं काही चालतच नाही त्याच्यासाठी, तिथे मात्र ती देवासारखी धावून येते. आणि जेन ५ च्या मागे घरच्या पीसीसाठी धावू नका, तापते, मोठा हीटसिंक मागते आणि क्रोम तेवढ्याच वेळात उघडतं.

स्वस्त एनव्हीएमईबद्दल दोन गोष्टी. बऱ्याच ड्राइव्हमध्ये स्वतःची डीरॅम, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे याचा हिशोब ठेवणारी छोटी रॅम, नसते, पण एनव्हीएमईत पीसीच्या रॅममधला थोडा तुकडा वापरायची सोय आहे, एचएमबी म्हणतात तिला, त्यामुळे रोजच्या वापरात अडत नाही. साटाला ही सोय नाही, म्हणून डीरॅम नसलेली साटा ड्राइव्ह जास्त रडते. दुसरं म्हणजे क्यूएलसी, म्हणजे मेमरीच्या एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी स्वस्त फ्लॅश. बॉक्सवर ३,५०० लिहिलेलं असतं ते कॅशे, म्हणजे आलेला डेटा आधी ठेवायची ड्राइव्हमधली फास्ट जागा, रिकामी असेपर्यंत, ड्राइव्ह भरत आली आणि एकदम शंभर दीडशे जीबी लिहायला घेतलं की काही क्यूएलसी ड्राइव्हचा लिहिण्याचा स्पीड साटाच्याही खाली घसरतो. ओएस आणि गेमसाठी चालेल, रोज फुटेज टाकणाऱ्याने टीएलसी, म्हणजे सेलमध्ये तीनच बिट ठेवणारी, बघावी.

घरी आत्ता कुठली आहे ते बघायला कॅबिनेट उघडायची गरज नाही, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, इंटरफेसपुढे सिरियल एटीए दिसलं तर साटा, एनव्हीएम एक्सप्रेस दिसलं तर एनव्हीएमई. लिनक्सवाल्यांना तर ड्राइव्हच्या नावावरूनच कळतं, एसडीए असेल तर साटा, एनव्हीएमई शून्य असेल तर एनव्हीएमई.

कधीकधी उलटंही होतं, एनव्हीएमई ड्राइव्ह बायोसमध्ये दिसते पण विंडोज टाकताना यादीत येत नाही. इंटेलच्या ११ व्या जनरेशनपासून पुढच्या मशीनवर, खास करून लॅपटॉपवर, व्हीएमडी नावाची, ड्राइव्ह इंटेलच्या स्वतःच्या कंट्रोलरखाली घेणारी बायोसची सेटिंग चालू असते म्हणून हे होतं. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर टाकून तिथे लोड करायचा किंवा व्हीएमडी बंद करायची, पण आधीपासून विंडोज टाकलेलं असेल तर बंद करू नका, ते बूटच होणार नाही. आणि बोर्ड इतका जुना असेल की त्यावर एम.२ स्लॉटच नाही, तर पीसीआयई स्लॉटात लावायचं साधं ॲडॅप्टर कार्ड मिळतं, त्यावर एनव्हीएमई डेटा ठेवायला मस्त चालते, पण त्यावरून बूट करायला बायोसने एनव्हीएमई ओळखायला हवी. काढून ठेवलेली जुनी ड्राइव्ह यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, घालणार असाल तर तिथेही हेच, साटाचं एन्क्लोजर वेगळं, एनव्हीएमईचं वेगळं, दोन्ही चालणारं पण मिळतं, थोडं महाग पडतं पण तेच घ्या.