‘कट्यार’ : रंगमंचावरची आणि पडद्यावरची

सोलापुरात ‘कट्यार काळजात घुसली’चा विषय निघाला, की बोलणं फय्याज यांच्यापाशी येतंच. १९६७ साली ‘नाट्यसंपदा’ या नाट्यसंस्थेने आणलेल्या या संगीत नाटकात गवई खाँसाहेबांची मुलगी झरीना त्यांनी उभी केली, आणि त्या मूळच्या इथल्या. २०१५च्या दिवाळीत सिनेमा लागला, तेव्हा अमृता खानविलकरची झरीना बघताना जुन्या सोलापूरकरांनी मनातल्या मनात तुलना केली असेल, तर नवल नाही. पण खरी तुलना गाण्याची आहे.

पडद्याने रंगमंचाकडून उचललेलं हे काही पहिलंच देणं नव्हे. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, म्हणजे ‘मानापमान’ या संगीत नाटकाला चाली देणारे संगीतकार. संगीतही त्यांचंच. गाणारे नट बोलपटाकडे गेले, पाठोपाठ प्रेक्षकही गेला आणि संगीत नाटक ओसरलं. साठच्या दशकात ‘मत्स्यगंधा’ या नाटकापासून संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी त्यात पुन्हा जीव आणला. पदं आटोपशीर केली, पण रागाशी तडजोड केली नाही.

‘कट्यार’ लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत अभिषेकींचं. दरबारात जिंकेल त्याला राजगायकपद, हवेली आणि एक खून माफ असलेली कट्यार. झगडा पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या दोन गायकींचा, आणि तो संवादांत कमी, सुरांत जास्त. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद नाटकात दोनदा येतं. पंडितजींची चाल धानी रागात, संथ, शब्दाला जपणारी. खाँसाहेबांची सालगवराळी रागात, तानांनी उसळणारी. शब्द तेच, माणूस वेगळा! दोन घराण्यांतलं अंतर कुणी समजावून सांगावं लागत नाही, कानालाच कळतं. त्यात खाँसाहेब म्हणजे साक्षात वसंतराव देशपांडे. वन्समोअर आला की तेच पद ते नव्याने मांडणार. कोण जिंकलं, हे खुर्चीतला प्रेक्षक ठरवत होता.

सिनेमाला वन्समोअर घेता येत नाही. तिथे गाणं एकदाच ठरतं, आणि कुठल्या तानेला कुणाचा चेहरा दिसावा, हे संकलक ठरवतो. म्हणून सुबोध भावेंच्या सिनेमात कथेचा भाग वाढला. जुन्या पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली, कव्वालीही आली. सचिन पिळगांवकरांच्या खाँसाहेबांचा मत्सर कॅमेरा डोळ्यांत पकडतो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचवायला गळाच लागायचा. मला स्वतःला नाटकातला मत्सर जास्त खोल वाटतो, कारण तो गाण्यातूनच येतो.

तरीही सिनेमा उपरा वाटत नाही, याचं कारण २०१०मध्ये आहे. भावेंनी आधी हे नाटकच नव्याने बसवलं होतं. त्यात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब होते आणि अभिषेकींचे शिष्य महेश काळे पंडितजींचा शिष्य सदाशिव. सिनेमात खाँसाहेबांचा गळा राहुल यांचाच. महेश काळेंना ‘अरुणि किरणी’साठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडद्यावर चेहरे बदलले, तालीम मात्र रंगमंचावरचीच होती. २०२५च्या जानेवारीत भावेंनीच ‘संगीत मानापमान’ पडद्यावर आणला, तोही शंकर-एहसान-लॉय यांच्याच संगीतासह.